घरच्याला बिल कसलं

अंधेरी (पूर्व)
६ जानेवारी २०२५

प्रिय हर्षद,

मावसभाऊ मुलुंडला, एका बसच्या अंतरावर, आणि मी त्याला पत्र लिहितेय. हसू नकोस. आमचं घर दोन खोल्यांचं. फोनवर मी ‘हॅलो’ म्हटलं की आतून देवव्रत विचारतो, कोण गं? माझा मोबाइलही तोच हाताळतो, लाइटबिल तोच भरतो, तुझ्या गोळ्यांचे पैसेही माझ्या खात्यातून तोच तुला पाठवतो. मला जे लिहायचंय ते त्याला कळता कामा नये. म्हणून हे पत्र शकुच्या हाती. आमच्या ऑफिसातली शकु, तुझ्या औषधाच्या दुकानामागे राहते, दर महिन्याला गोळ्यांची पिशवी आणून देते, तीच. उत्तर त्याच पिशवीत घाल.

झालंय असं. माझी किडनी देवव्रतला बसवली त्याला अडीच वर्षं झाली. इतके दिवस त्याचं क्रिएटिनिन एक पॉइंट दोनच्या वर गेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एक पॉइंट सात आलं. हा आकडा चढला म्हणजे किडनी थकतेय, हे तुला मी काय सांगणार. डॉक्टरांनी रक्तात औषध किती आहे तेही तपासलं. असायला हवं त्याच्या निम्मं निघालं.

त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. गोळ्या वेळेवर घेतात का? मी म्हटलं, अहो, आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस आहे, गोळ्यासुद्धा पट्टी लावल्यासारख्या ओळीत मांडतो. दुसरा प्रश्न, औषधं कुठून घेता? मी म्हटलं, भावाच्या दुकानातून. तर म्हणाले, बिलं आणा. मी हसले. म्हटलं, घरच्याला बिल कसलं? ते काही हसले नाहीत. तेव्हा गेल्या तीन महिन्यांची बिलं पाठव.

देवव्रतला मी खरा आकडा सांगितलेला नाही. एक पॉइंट दोनच आहे म्हणाले. तो घाबरला की जेवत नाही.

आणखी एक. हॉस्पिटलात बाकावर गोवंडीची एक बाई बसली होती, सुगंधा नावाची. तिच्या मुलालाही याच कंपनीची हीच गोळी चालू आहे. ती म्हणाली की छापलेल्या भावाच्या पावपटीला तिला एका दुकानात मिळते. मी म्हटलं, शक्यच नाही, माझा भाऊ पदरचं घालून वीस टक्के कमी करतो तेव्हा कुठे मला साडेनऊशेला पट्टी पडते. असं होऊ शकतं का रे?

तुझी,
पद्मजा


मुलुंड (पूर्व)
९ जानेवारी २०२५

प्रिय पद्माताई,

तुझं अक्षर बघून आधी बरं वाटलं आणि मग वाचून जीव खाली-वर झाला. एक पॉइंट सात म्हणजे फार नाही, पण दुर्लक्षही नको. भाऊजींना सांग, सकाळची गोळी नऊला म्हणजे नऊलाच, पोट रिकामं असताना. वर लगेच चहा-पोळी नको. पपनस अजिबात नको, त्याने या औषधाची पातळी हलते. जुलाब वगैरे झाले होते का? तेही एक कारण असतं. डॉक्टरांना आठवणीने सांग.

या महिन्याच्या बारा पट्ट्या पिशवीत आहेत. सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या बांधल्यात, नेहमीसारख्या.

बिलाचं म्हणशील तर दुकानाचा कॉम्प्युटर बिघडलाय. माणूस येतो येतो म्हणतो आणि येत नाही. बॅच नंबर चिठ्ठीवर लिहून दिलेत, डॉक्टरांना तेवढे पुरतील. आणि ताई, आपल्यात बिल कधी केलं गं आपण? तुझे अण्णा गेले तेव्हा त्यांची उरलेली सगळी औषधं मी परत घेतली होती, तेव्हा तू मला कागद मागितला नव्हतास.

गोवंडीच्या बाईंचं मनावर घेऊ नकोस. बाजारात काय वाटेल ते चालतं. दिसायला तीच पट्टी असते, आत काय असतं कोणास ठाऊक. एवढ्या नाजूक औषधाशी खेळायचं नसतं. मी आहे ना.

तुझा,
हर्षद


अंधेरी (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय हर्षद,

दोन पॉइंट एक.

सकाळपासून मी एका जागी पाच मिनिटं बसलेले नाही. ऑफिसात तीच फाइल तीनदा काढली आणि तीनदा ठेवली. परवा तर मरोळला उतरायचं ते पवईला जाऊन उतरले आणि तिथेच उभी राहून विचार करायला लागले की आपण इथे कशाला आलो. घरी आले की तुझ्या पट्ट्या खिडकीशी नेऊन उजेडात धरते. छपाई बघते, कडा बघते. मला त्यातलं काय कळतं? पण हात स्वस्थ बसत नाहीत.

डॉक्टरांना तुझी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचून परत दिली. म्हणाले, चिठ्ठी कोणीही लिहील. तुमच्या भावाने ज्या घाऊकवाल्याकडून माल घेतला, त्याचं खरेदीचं बिल आणा. बॅच, तारीख, शिक्का, सगळं दिसलं पाहिजे. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पातळी इतकी कमी म्हणजे एकतर पेशंट औषध घेत नाही, नाहीतर औषध खोटं आहे. तोवर तीन दिवस इंजेक्शनं दिली. देवव्रतला मी सांगितलं, तिसऱ्या वर्षी सगळ्यांनाच देतात. त्याने मान डोलावली. बायको खोटं बोलत असेल असं त्याच्या मनातही येत नाही.

हर्षद, तो औषध घेत नाही हा प्रश्नच येत नाही. रात्रीची गोळी मी समोर देते. सकाळी मी साडेआठला बाहेर पडते, पण नऊचा गजर लावलेला असतो, संध्याकाळी येऊन बघते तर त्याने पट्टीतून कापून ठेवलेल्या तुकड्यातल्या दोन्ही जागा रिकाम्या असतात. मग काय उरलं ते तूच सांग.

तू मुद्दाम काही करशील असं मी म्हणत नाही. तुझाही कोणीतरी गळा कापलेला असू शकतो. पण मला एकच किडनी देता येत होती, ती देऊन झाली. दुसरी देता येत नाही. मला ते बिल हवं.

पद्मजा


मुलुंड (पूर्व)
५ फेब्रुवारी २०२५

पद्माताई,

तुझं पत्र गिऱ्हाइकांसमोर उघडलं ही माझी चूक. सव्वीस वर्षं काउंटरला उभा आहे. मुदत संपलेलं औषध मी कधी कोणाला दिलं नाही, फ्रिज बंद पडला तेव्हा इन्सुलिनचा अख्खा डबा फेकला. आणि माझीच बहीण माझ्या पट्ट्या उजेडात धरून बघते.

खरेदीच्या बिलाची झेरॉक्स सोबत आहे. घाऊकवाल्याचं नाव, बॅच, तारीख, शिक्का सगळं आहे. चिठ्ठीवरचे बॅच नंबर ताडून बघ. दराचा आणि रकमेचा भाग झाकलाय, कारण तो धंद्याचा असतो, बाहेर दाखवायची पद्धत नाही. डॉक्टरांना त्याच्याशी कर्तव्यही नाही.

गोळ्या शंभर टक्के खऱ्या आहेत. ओजसची शपथ. पोराची शपथ मी आजवर कधी घेतली नव्हती.

हर्षद


अंधेरी (पूर्व)
१० फेब्रुवारी २०२५

हर्षद,

तुझी झेरॉक्स डॉक्टरांनी हातात घेतली आणि दोन बोटांत धरून मला दाखवली. मधला सगळा रकाना कोरा. कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढलीय ते लहान मुलालाही कळेल. त्यांनी विचारलं, यात लपवण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, ज्याने अर्धं झाकलं त्याचं उरलेलं अर्धं मी का खरं मानू?

मलाही तेच वाटलं.

तुझ्या गोळ्या मी बंद केल्या आहेत. हॉस्पिटलच्या काउंटरवरून छापील किमतीने पट्ट्या घेतल्या, शेवटच्या रुपयापर्यंत. देवव्रतने विचारलं, हर्षदकडचं काय झालं? मी म्हटलं, त्याच्याकडे माल आला नाही. येत्या शनिवारी चकाल्याच्या कामाला जाऊ नकोस, तुझे गुडघे सुजलेत, असं दोनदा म्हणाला. आता शनिवारचं ते जादा काम सोडून गोळ्यांचं कसं भागेल?

परवा पुन्हा रक्त तपासायचंय. आकडा अजून चढला तर पुढची पायरी कोणती ते डॉक्टरांनी सांगितलं. ती मी इथे लिहीत नाही.

तू मला एका वाक्यात उत्तर दे. रकाना का झाकलास?

पद्मजा


अंधेरी (पूर्व)
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय हर्षद,

माझं पत्र बघून चकित होशील. खालच्या कुरियरवाल्याकडून पाठवतोय. पद्मजाला यातलं काही कळू देऊ नकोस, एवढी पहिली विनंती.

सोबत नऊ पट्ट्या आहेत. न फोडलेल्या, मुदत पुढच्या वर्षापर्यंतची. त्या परत घेशील का? परक्या दुकानदाराला मी असं विचारलं नसतं. तू घरचा आहेस म्हणून विचारतो.

खुलासा करतो. दर महिन्याला तुझे अकरा हजार चारशे मीच पाठवतो, तिच्या फोनवरून. प्रत्येक वेळी ते बटण दाबताना माझं बोट अडतं. मी घरी बसलेला. तिने शरीरातला अवयव काढून दिला, आणि आता तो चालू ठेवायला शनिवारसुद्धा देते. जिने उतरताना कठडा धरते ते मला आतून ऐकू येतं. नोव्हेंबरपासून मी सकाळची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागलो. घेतो त्या दिवशी पट्टीचा दोन गोळ्यांचा तुकडा कापतो, आणि तिला कळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तोच रिकामा तुकडा पुन्हा टेबलावर ठेवतो. पुरवून पुरवून नऊ पट्ट्या वाचल्या.

काळजी करू नकोस, तब्येत झकास आहे. क्रिएटिनिन एक पॉइंट दोनच्या वर गेलेलं नाही, दर वेळी पद्मजा सांगते. म्हणजे डॉक्टर लोक जरा जास्तच लिहून देतात, नाही का?

आता ऐकतो की तुझ्याकडे माल नाही म्हणून ती हॉस्पिटलातून पूर्ण भावाने आणते. तू पदरचं घालून आम्हाला इतकी वर्षं कमी भावात देतोस याची किंमत आत्ता कळली. पट्ट्यांचे पैसे तिच्या खात्यात टाक, आणि विचारलंच तर कंपनीकडून सूट आली म्हणून सांग. तिने दोन शनिवार तरी घरी बसावं अशी इच्छा आहे.

तुझा,
देवव्रत


मुलुंड (पूर्व)
१२ फेब्रुवारी २०२५

पद्माताई,

दुपारी तुझ्या ऑफिसात फोन करून भाऊजी गोळ्या कशा चुकवत होते ते सांगितलं. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. उरलेलं मला फोनवर बोलता आलं नसतं. भाऊजींचं पत्र सोबत जोडतोय. त्यांनी तुला दाखवू नकोस म्हटलंय. पण या घरात सगळ्यांनी एकमेकांपासून पुरेसं लपवून झालंय.

दुसरा कागद बिलाचा आहे. झेरॉक्स नाही, मूळ प्रत. रकाना उघडा आहे. वाच.

पट्टी मला दोनशे बारा रुपयांना पडते. छापील किंमत अकराशे ऐंशी. तुला मी साडेनऊशेला दिली आणि तू प्रत्येक वेळी म्हणालीस, हर्षद, तुझा तोटा करून देऊ नकोस रे. मी म्हणायचो, असू दे गं. हे ‘असू दे गं’ मी अडीच वर्षं म्हणत आलो.

कारणं सांगू का? सांगतो, कारण डोक्यात तीच फिरत आहेत. नावाजलेल्या कंपनीच्या गोळीवर आम्हाला शेकडा वीस सुटतात. मोबाइलवरून औषध पोचवणारे तेवढी सूट गिऱ्हाइकालाच देऊन टाकतात. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं गेली. दुकानाचं भाडं दोनदा वाढलं, ओजसची फार्मसीची फी भरायची होती. दुकान तरतं ते अशाच मालावर, जिथे कंपनी स्वतःच भरमसाट किंमत छापून पाठवते आणि मधलं सगळं आमच्यावर सोडते. यात कायद्याने काही चुकीचं नाही. छापल्यापेक्षा एक रुपया जास्त मी कोणाकडून घेतला नाही. सगळेच असं करतात. आणि हे सगळं खरं असूनही भाऊजींचं पत्र वाचल्यापासून मला दुकानात उभं राहवत नाही. दोनदा शटर ओढलं आणि दोनदा उघडलं.

पहिल्या महिन्यात मी तुला खरा भाव सांगणार होतो. खरंच. तू त्याआधीच म्हणालीस, वीस टक्के कमी? देव तुझं भलं करो. मग ते राहिलं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग सांगितलं तर मागच्या महिन्यांचं काय, म्हणून राहिलं. घरचं माणूस भाव विचारत नाही आणि बिलही मागत नाही. बाहेरचं गिऱ्हाईक घासाघीस करतं, त्याला मी साडेतीनशेला दिलेली आहे हीच पट्टी. तू बाहेरची असतीस तर तुला स्वस्त पडली असती.

गोवंडीच्या बाई खरं बोलत होत्या. त्या जातात त्या दुकानात खुशाल जा, माल तोच आहे. वरचे सगळे पैसे मी तुझ्या खात्यात टाकतोय, थोडे उद्या, उरलेले एफडी मोडली की. नको म्हणू नकोस.

माझ्या गोळ्या खऱ्या होत्या, ताई. मी खोटा होतो, आणि त्यानेच भाऊजींची किडनी गेली असती.

हर्षद


अंधेरी (पूर्व)
३ मार्च २०२५

हर्षद,

तीन आठवडे तुला लिहिलं नाही. दोनदा लिहायला बसले आणि उठले. पहिल्यांदा फार वाईट लिहिलं होतं, ते फाडलं. दुसऱ्यांदा फार समजूतदारपणे लिहिलं, ते वाचून स्वतःचाच राग आला, तेही फाडलं.

आधी तब्येतीचं. क्रिएटिनिन एक पॉइंट आठवर थांबलंय. डॉक्टर म्हणाले, जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, पण गोळी चुकली नाही तर उरलेलं बरीच वर्षं साथ देईल. एक पॉइंट दोन आता कधीच नाही. हा मधला आकडा तिघांनी मिळून घालवला. मी खोटे रिपोर्ट सांगितले, त्याने गोळ्या लपवल्या आणि तू भाव. पण वाटे सारखे नाहीत, हे तुलाही कळतं आणि मलाही.

तुझा फोन आला त्या दिवशी ऑफिसातून निघाले ती थेट घरी. मी देवव्रतला सगळे रिपोर्ट काढून दाखवले. तो चष्मा लावून एकेक कागद वाचत गेला. मग म्हणाला, तू मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू गोळ्या का ठेवल्यास? त्यानंतर आम्ही दोघं खूप भांडलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं कधी भांडलो नव्हतो. शेजारच्या दीप्तीने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. आता सकाळची गोळी मी असतानाच, आठला घेतो आणि रात्रीची आठला. मी समोर उभी राहते. त्याला ते आवडत नाही, पण घेतो.

गोळ्या सुगंधाबाईंनी सांगितलेल्या दुकानातून आणते. दोनशे साठला पट्टी. पहिल्या दिवशी मी बिल मागितलं तर दुकानदाराने न मागता दिल्यासारखं दिलं, वर भावही सांगितला. इतकं साधं असतं ते. मी बिल घेऊन फुटपाथवर उभी राहिले आणि मला रडू आलं. दोनशे साठ म्हणजे मला शनिवारी चकाल्याला जायची गरज नव्हती, आणि मी शनिवारी गेले नसते तर त्याने एकही गोळी ठेवली नसती. हे गणित मी रोज करते. थांबवता येत नाही.

तू पाठवलेले पैसे मिळाले. नको म्हणणार नाही, ते माझेच होते.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र लिहितेय. पैसे आल्याचा निरोप देवव्रतने फोनवर वाचला. त्याने तुला लिहिलं होतं ना, कंपनीकडून सूट आली म्हणून सांग, म्हणून? त्याला वाटतंय, गोळ्यांचं तू मला सांगितलंस तरी पैशांपुरता त्याच्या पत्राला जागलास. नऊ पट्ट्यांच्या बदल्यात एवढी रक्कम बघून त्याला वाटलं की तू कंपनीशी भांडून मागची सगळी सूट मिळवलीस, आणि आता भाव उतरलाय तोही त्यामुळेच. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आमच्या पद्मजाचा भाऊ केमिस्ट आहे, असा माणूस मिळायला नशीब लागतं. काल वरच्या मजल्यावरची रेवतीमावशी आली होती, तिला चहा होईपर्यंत हेच ऐकवलं. मी आत उभी होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण बोलले नाही. तुझी बाजू राखायला नाही, हर्षद. माझ्या तोंडून ते ऐकलं तर तो तुझी कारणं शोधत बसेल आणि माझ्याशीच वाद घालेल.

तुला येत्या रविवारी जेवायला बोलाव असं त्याने चारदा सांगितलंय. तुझ्या आवडीचं सोड्याचं कालवण करायला सांगितलंय. दारातच तुझे दोन्ही हात धरणार आहे आणि आभार मानणार आहे, मी त्याला ओळखते.

तर रविवारी ये. साडेबाराला ये. मी स्वयंपाकघरात असेन, बाहेर येणार नाही. त्याला मानायचे तेवढे आभार मानू दे, मध्येच तोडू नकोस, शेवटपर्यंत ऐक. मग त्याला सगळं सांग, दोनशे बारापासून. पानं वाढायच्या आधी सांग.

सांगितलंस, तर तुझंही पान वाढीन.

पद्मजा